गेज बदलते तेव्हा

रायपूरहून धमतरीला जाणारी अडीच फुटी छोटी लाईन रायपुरातल्या तेलीबांध्यावरून जात असे. आज त्या रुळांच्या जागी एक्सप्रेस-वे आहे. पुढे धमतरीच्या बाजूला ब्रॉडगेज टाकायचे काम सुरू झाले आणि ३० मार्च २०२५ रोजी अभनपूर–रायपूर मेमू धावू लागली, पण ती मंदिर हसौदमार्गे. तेलीबांध्याला काही रेल्वे परत आली नाही. या सगळ्या उलथापालथीच्या मुळाशी एक आकडा आहे: दोन रुळांमधले अंतर. छोट्या लाईनचे ७६२ मिलिमीटर, मोठीचे १६७६. छोट्या लाईनचे इंजिन धड असेल, डबा धड असेल, मोठ्या लाईनचा रूळही धड असेल. तरी एकाचा दुसऱ्याला काडीचा उपयोग नाही. बिघडलेले काहीच नसते, फक्त दोघांमधला ठराव बदललेला असतो.

सॉफ्टवेअरमध्ये या ठरावाला इंटरफेस म्हणतात. आपण लिहितो तो प्रोग्राम बहुतेक वेळा दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररींवर उभा असतो. पीडीएफ कोणी करून देते, एक्सेल फाइल कोणी वाचते, तारखा कोणी मोजते. त्या लायब्ररीतल्या फंक्शनचे नाव काय, त्याला माहिती कोणत्या क्रमाने द्यायची, उत्तर कोणत्या रूपात येणार, हे झाले तिचे गेज. ते बदलले की आपल्या प्रोग्रामची एक ओळही हललेली नसली तरी तो बंद पडतो. पायथॉनमध्ये आकडेमोडीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या नमपाय या लायब्ररीचे उदाहरण घ्या. तिच्यात ‘एनपी डॉट इंट’ असे एक टोपणनाव होते. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या १.२० व्हर्जनने ते वापरू नका असे सांगायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०२२ च्या १.२४ मध्ये ते काढूनच टाकले. काढलेली गोष्ट क्षुल्लक होती. पायथॉनचे साधे ‘इंट’ लिहिले की काम भागते. पण शेकडो जुने धडे, कॉलेजातले प्रोजेक्ट आणि इतर लायब्ररी त्या नावावर विसंबून होत्या. पांडाज या पायथॉनच्याच दुसऱ्या लायब्ररीत तक्त्याला ओळ जोडणारे ‘अपेंड’ जानेवारी २०२२ मध्ये नको म्हणून जाहीर झाले आणि एप्रिल २०२३ मध्ये, २.० व्हर्जनमध्ये, गेले. दोन्ही ठिकाणी सव्वा ते दोन वर्षांची सूचना होती. तरीही लोकांना तो अपघात वाटला. तो का वाटला, हे आधी पाहायला हवे, कारण उपाय त्याच उत्तरात आहे.

रायपूरसारख्या शहरात दोन-चार जणांच्या ऑफिसातून राईस मिलचा स्टॉक, दुकानाचे बिलिंग, शाळेची फी यांचे प्रोग्राम लिहिले जातात. तिथे प्रोग्राम एकदा चालू झाला की तो ‘झाला’ असे समजतात. लायब्ररीचे नाव यादीत लिहिलेले असते, व्हर्जन लिहिलेले नसते. मग एक दिवस गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर बदलतो, नव्या मशीनवर सगळे पुन्हा बसवायचे येते, आणि पिप हे पायथॉनच्या लायब्ररी बसवणारे साधन त्या दिवशी उपलब्ध असलेले नवे व्हर्जन खाली उतरवते. दोन वर्षांत थोडेथोडे झालेले सगळे बदल एका दुपारी एकदम अंगावर येतात. त्या बदलांपैकी एकही आपण निवडलेला नसतो. माझे म्हणणे एवढेच आहे: लायब्ररी बदलणारच, तिचा राग धरण्यात अर्थ नाही; पण तो बदल आपल्या घरात कोणत्या दिवशी आणि कोणत्या दाराने यावा, हे ठरवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ही सगळी चूक व्हर्जन क्रमांक न पाळण्याची आहे. क्रमांकातला पहिला आकडा वाढला तर मोडतोड, दुसरा वाढला तर नवी भर, तिसरा वाढला तर दुरुस्ती, असा संकेत आहेच. तो सगळ्यांनी पाळला तर प्रश्न मिटेल. संकेत चांगला आहे, पण त्याच्यावर निर्धास्त राहता येत नाही. वरच्या उदाहरणातच नमपाय १.२० वरून १.२४ वर गेली, पहिला आकडा एकच राहिला, आणि नाव मात्र गेले. दुसरे कारण जास्त खोल आहे. गूगलमध्ये काम केलेले अभियंता हायरम राइट यांच्या नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध आहे. लायब्ररी पुरेशा लोकांनी वापरली की तिच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागण्यावर कोणी ना कोणी विसंबलेले असतेच, मग ते वागणे कागदावर कबूल केलेले असो वा नसो. २०१० मध्ये लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत मेमरीतला मजकूर एकीकडून दुसरीकडे नेणारे ‘मेमकॉपी’ जलद करण्यात आले. उगम आणि मुक्काम एकमेकांवर चढलेले असतील तर काय होईल, याची हमी त्या फंक्शनने कधीच दिली नव्हती. पण आधीच्या रूपात ते योगायोगाने ठीक चाले, आणि अडोबीचे फ्लॅश त्या योगायोगावर चालले होते. फेडोरा १४ या लिनक्सच्या आवृत्तीत फ्लॅशचा आवाज खरखरू लागला. नियमाने पाहिले तर चूक फ्लॅशची होती. लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांची भूमिका मात्र अशी की वापरणाऱ्याचे चालते काम मोडले, तर नियम सांगून उपयोग नाही.

त्याहून बारीक उदाहरण एका रिकाम्या जागेचे आहे. जगभरच्या भाषांत तारखा आणि वेळा कशा लिहायच्या याचा एक मोठा सामायिक कोश आहे, सीएलडीआर नावाचा. ऑक्टोबर २०२२ च्या ४२ व्या आवृत्तीत त्याने इंग्रजी वेळेतल्या आकड्यानंतर आणि ‘पीएम’च्या आधी येणारी साधी मोकळी जागा बदलून अरुंद, न तुटणारी जागा घातली. छपाईच्या दृष्टीने हे अगदी योग्य. डोळ्याला फरकही दिसत नाही. पण तो मजकूर तोडून पुन्हा वेळ वाचणारे प्रोग्राम साध्या जागेची वाट पाहत बसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोमच्या ११० व्या आवृत्तीतून हा बदल लोकांपर्यंत पोचला, आणि इतक्या साइट अडखळल्या की ब्राउझरवाल्यांना साधी जागा परत आणावी लागली. असल्या बदलाची सूचना व्हर्जनच्या कोणत्या आकड्यात देणार? म्हणून क्रमांकावर विश्वास ठेवा, पण किल्ली त्याच्या हातात देऊ नका.

तेव्हा पहिले काम म्हणजे व्हर्जन जखडणे. पायथॉनमध्ये ‘पिप फ्रीझ’ने आत्ता चालू असलेल्या प्रत्येक लायब्ररीचा नेमका क्रमांक मिळतो, तो दोन बरोबर चिन्हांनिशी यादीत लिहा. जावास्क्रिप्टमध्ये पॅकेज बसवणारे एनपीएम स्वतःच नेमक्या व्हर्जनची लॉक फाइल करते, पण ती अनेकजण कचरा समजून प्रोजेक्टमधून वगळतात. ती कोडइतकीच जपा. पॅकेजच्या यादीत व्हर्जनच्या आधी टोपीसारखे जे चिन्ह येते, त्याचा अर्थ, क्रमांक शून्याने सुरू होत नसेल तर, ‘पहिला आकडा तोच असेल तर यापुढचे काहीही चालेल’ असा होतो, हे ध्यानात असू द्या. गिऱ्हाइकाकडे बसवताना ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा वापरा. ती लॉक फाइलमध्ये आहे तेच बसवते आणि दोन याद्यांत तफावत दिसली तर थांबते. तुम्ही निवडलेल्या पाच लायब्ररींच्या मागे त्यांनी निवडलेल्या पन्नास असतात. मोडतोड बहुधा त्या पन्नासांतून येते, आणि त्यांना अशी पूर्ण यादी किंवा लॉक फाइलच बांधून ठेवते. पायथॉनचेही व्हर्जन लिहून ठेवा, ते लोक हमखास विसरतात.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो. जखडलेली लायब्ररी म्हणजे जखडलेली भोकेही. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीत असे छिद्र सापडले की बाहेरच्या माणसाने एक ओळ मजकूर पाठवला तरी सर्व्हरवर त्याला हवा तो कोड चालवता येई. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा मिळाले. दुरुस्तीची व्हर्जन एकापाठोपाठ एक येत गेली. ‘आमचे चालते आहे, हात लावू नका’ म्हणणाऱ्याला अशा आठवड्यात पळता भुई थोडी होते. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच जखडणे हे अर्धेच काम आहे. जो दर तीन महिन्यांनी पुढे सरकत आला आहे, त्याला अशा वेळी एक पायरी चढायची असते. जो चार वर्षे जागचा हललेला नाही, त्याला आधी चार वर्षांची मोडतोड निस्तरावी लागते आणि मग भोक बुजवता येते, तेही घाईत. व्हर्जन जखडावे ते बदल टाळण्यासाठी नव्हे, तर बदलाची तारीख आपण ठरवावी म्हणून. जे सारखे ताजे ठेवतात आणि जे कधीच हात लावत नाहीत, त्या दोघांनीही ही तारीख दुसऱ्याच्या हाती दिलेली असते.

ठरवलेल्या दिवशी अपडेट करताना काय पाहायचे? आधी इशारे. लायब्ररीचे लेखक काढून टाकण्याआधी बहुधा सांगतात, पण ते सांगणे आपल्यापर्यंत पोचत नाही. पायथॉन ‘डेप्रिकेशन वॉर्निंग’ या जातीचे इशारे मुळात झाकून ठेवतो. ज्या फाइलपासून प्रोग्राम सुरू होतो तिच्यातच तो वापर असेल तर इशारा दिसतो, आतल्या मॉड्यूलमध्ये असेल तर नाही. नमपायने दोन वर्षे दिलेली हाक अनेकांना ऐकू आली नाही, त्याचे हे एक साधे कारण. म्हणून चाचणीच्या मशीनवर प्रोग्राम ‘डब्ल्यू एरर’ हा पर्याय देऊन चालवा. मग प्रत्येक इशारा चूक म्हणून अडतो आणि नजरेआड राहत नाही. सुरुवातीला एक इशारा सोडवला की प्रोग्राम दुसऱ्यावर अडेल, अशी मोठी वरात निघेल. घाबरू नका, तिच्यातले बरेच इशारे दुसऱ्यांच्या लायब्ररीतले असतात, आणि तेच तुम्हाला सांगतात की कोणत्या लायब्ररीचा सांभाळ थांबला असावा.

दुसरे, चाचणी. ‘आम्ही लहान, आम्हाला टेस्ट लिहायला वेळ कुठे’ हे उत्तर मी खोटे मानत नाही. प्रत्येक फंक्शनची चाचणी लिहायला लहान ऑफिसला खरेच वेळ नसतो. पण त्याची गरजही नाही. मागच्या वर्षातली वीस-पंचवीस खरी बिले निवडा, नावे बदला: एक सवलतीचे, एक परत आलेल्या मालाचे, एक शून्य रकमेचे, एक ३१ मार्चचे, एक देवनागरी नावाचे. त्यांची आजची बरोबर उत्तरे फाइलमध्ये साठवा. अपडेट झाल्यावर तीच बिले पुन्हा चालवा आणि दोन फाइली जुळवून पाहा. हे एका दिवसाचे काम आहे, आणि कोणाच्याही नियमांत न लिहिलेले, पण तुम्ही नकळत ज्याच्यावर विसंबला आहात ते वागणे नेमके यातच सापडते. ती अदृश्य मोकळी जागासुद्धा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन गेज जिथे भेटत, तिथे माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायचा फलाट असे. त्रास होता, हमाली होती, पण तो त्रास एका जागी होता. गावोगावच्या प्रत्येक दुकानदाराला गेजची पंचाईत पडत नसे. प्रोग्राममध्ये असा फलाट बांधा. पीडीएफची लायब्ररी बिलाच्या, फीच्या आणि स्टॉकच्या तीस फाइलींतून थेट बोलावू नका. आपली एक फाइल करा, तिच्यात ‘बिल छाप’ असे आपल्या भाषेतले एक फंक्शन ठेवा, आणि बाहेरच्या लायब्ररीचे नाव फक्त त्या फाइलीत येऊ द्या. लायब्ररी बदलली तर तीस जागी शोधत फिरण्याऐवजी एकच जागा दुरुस्त होते. मात्र फलाट मुख्य स्टेशनावर बांधतात, प्रत्येक थांब्यावर नाही. मजकूर कापणे, यादी लावणे असल्या भाषेच्या मूळ सोयींवर आवरण चढवत बसलात तर प्रोग्रामपेक्षा आवरणच जाड होईल. ज्या गोष्टी बाहेरून येतात, वारंवार बदलतात आणि पैशाला किंवा कागदाला हात लावतात, त्यांच्यापुरते हे करा.

याच फलाटावर मराठी माणसासाठी एक खास गोम आहे. जावास्क्रिप्टला ‘मराठी, भारत’ अशी भाषा सांगून आकडा छापायला लावला तर तो आपोआप देवनागरी अंकांत येतो: १२,३४,५६७. छान दिसतो. पण तोच मजकूर पुढे दुसऱ्या फंक्शनला संख्या म्हणून दिला तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही. पायथॉन मात्र स्वल्पविराम काढले की बिनतक्रार मानतो. कोणत्या भाषेला कोणते अंक, हे तुम्ही ठरवलेले नसते. ते त्या सामायिक कोशाचे ठरलेले असते, आणि कोश बदलू शकतो. म्हणून जिथे मूळ ठरावावर विसंबण्याचा मोह होतो, तिथे अंकांची जात, तारखेचा क्रम, वेळेचा पट्टा स्पष्ट लिहून द्या. आणि माणसासाठी सजवलेला मजकूर पुन्हा यंत्राला वाचायला देऊ नका. हिशेबाचा आकडा वेगळा, छापायचा वेगळा.

मग लायब्ररी वापरूच नयेत, सगळे स्वतः लिहावे, असे कोणी म्हणेल. त्यांच्या बाजूचा पुरावा प्रसिद्ध आहे. २२ मार्च २०१६ रोजी ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले. ते मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा किंवा सांगितलेले अक्षर भरत असे, बाकी काही नाही. जगभरचे मोठमोठे प्रोजेक्ट बसवताना अडू लागले आणि काही तासांत एनपीएमला ते परत आणावे लागले. यातून अकरा ओळी स्वतः लिहा हा धडा जरूर घ्या. पण सांकेतिक सही, पासवर्डची गुप्तता, पीडीएफची रचना या गोष्टी स्वतः लिहायला बसू नका. तिथे आपली चूक लायब्ररीच्या बदलापेक्षा फार महाग पडते. निवडताना लायब्ररीचा मागचा इतिहास वाचा. बदलांची नोंद नीट ठेवली आहे का? काढण्याआधी किती महिने सांगतात? क्रमांक अजून शून्याने सुरू होतो का? शून्य म्हणजे लेखक स्वतःच सांगतो आहे की गेज अजून ठरलेले नाही. आणि जखडलेल्या व्हर्जनच्या फाइली एका डिस्कवर उतरवून ठेवा, म्हणजे उद्या कोणी पॅकेज काढून घेतले तरी गिऱ्हाइकाचे मशीन पुन्हा उभे करता येते.

काही इंटरफेस मात्र जखडताच येत नाहीत, कारण ते आपल्या मशीनवर नसतात. देशभरच्या ई-निविदा पोर्टलांवर डिजिटल सही ब्राउझरमधल्या जावा अ‍ॅपलेटने होत असे. ती ज्या जुन्या जोडणीवर चाले, ती क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये बंद केली. पोर्टलात कोणी काही बिघडवले नव्हते, तरी ठेकेदारांची सही होईना. मग अमुक जुना ब्राउझर वापरा, अमुक जावा बसवा, अशा सूचना झळकल्या, आणि हळूहळू सहीचा वेगळा छोटा प्रोग्राम मशीनवर बसवायची पद्धत आली. जीएसटी पोर्टल, बँक, पेमेंटची सेवा यांच्याशी बोलणाऱ्या प्रोग्रामची हीच स्थिती असते. तिथे तारीख ठरवण्याचा हक्क नाही. म्हणून तिथला फलाट जास्त मजबूत हवा, आणि त्यांच्या सूचनांचे ईमेल सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर न जाता ऑफिसच्या पत्त्यावर यायला हवेत.

हे सगळे ओझे वापरणाऱ्यानेच का वाहावे, लायब्ररीच्या लेखकांनी स्थिर राहायला काय हरकत आहे, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन बाजूंनी द्यावे लागते. स्थिर राहता येते, याचा पुरावा आपण रोज टाइप करतो. एकेकाळी मराठी मजकूर प्रत्येक फाँटवाल्याच्या आपापल्या मांडणीत असे. फाँट नसला की मजकुराचा बुजबुजाट दिसायचा, आणि छत्तीसगडच्या ऑफिसांतल्या कृतीदेव फाँटमधल्या जुन्या फाइलींचे आजही तेच होते. युनिकोडने नेमके उलटे वचन दिले: एकदा अक्षराला दिलेला क्रमांक हलणार नाही, काढला जाणार नाही. भर पडत राहिली. मराठीचा ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आला, पण म्हणून आधी ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले मजकूर वाचता येईनासे झाले नाहीत. किंमत एवढीच की एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलेले सापडते आणि शोधणाऱ्या प्रोग्रामने दोन्ही धरावे लागतात. दुसरी बाजू पायथॉनची. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पायथॉनने दुसऱ्याशी जाणूनबुजून फारकत घेतली. दुसऱ्याचा सांभाळ २०१५ मध्ये थांबायचा होता, तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावा लागला. मोडतोड करणाऱ्यालाही ती स्वस्त पडत नाही. तरी बहुतेक लायब्ररी बिनपगारी माणसे रात्री जागून चालवतात, आणि त्यांच्याकडून रेल्वे बोर्डाइतकी शाश्वती मागणे आपल्याला शोभत नाही.

शिवाय तुम्ही स्वतःही लायब्ररीचे लेखक आहात, हे विसरू नका. ऑफिसात एक ‘कॉमन’ नावाचा फोल्डर असतो, तीन गिऱ्हाइकांचे प्रोग्राम त्याच्यावर चालतात, आणि एका गिऱ्हाइकासाठी केलेली सुधारणा बाकी दोघांना पाडते. तिथे तोच शिष्टाचार पाळा: जुने फंक्शन ठेवा, त्याच्या पोटात नवे बोलवा, वापरल्याचा इशारा लॉगमध्ये लिहा, आणि काढण्याची तारीख ठरवून कळवा. आतले काम हवे तसे बदला. लिनक्सचे कर्नल बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द कसोशीने पाळते आणि आतल्या भागांत मात्र कसलीही हमी देत नाही. बाहेरचा दरवाजा लहान ठेवला की आत मोकळीक राहते.

राहिला तारखेचा प्रश्न. वर्षात चार अपडेटचे दिवस पुरतात, पण ते गिऱ्हाइकाचे पंचांग पाहून ठरवा. इथली सरकारी धान खरेदी साधारणपणे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर चालते. त्या काळात राईस मिलच्या किंवा सोसायटीच्या प्रोग्रामला सुरक्षेच्या दुरुस्तीखेरीज हात लावू नका. मार्चअखेर कोणाच्याच हिशेबाला हात लावू नका. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, मे, ऑगस्ट आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा असे चार दिवस बहुतेकांना जमतात. दिवाळी ऑक्टोबरात येत असेल तर शेवटचा दिवस सप्टेंबरात ओढा. आणि हे चार दिवस वार्षिक देखभालीच्या (एएमसी) करारात स्वतंत्र ओळ घालून, त्यांच्या दरासकट लिहा. नाहीतर गिऱ्हाईक विचारते की चालत्या प्रोग्रामचे पैसे कशाचे, आणि त्या दिवसाचे काम फुकट तरी होते किंवा होतच नाही.